सिग्नलला दिवे का मिणमिणतात: मोठ्या ऑडिओसाठी गाडीत वीज पुरवायची कशी

प्रश्न असा आहे: कांदिवली ते लोअर परळ रोजची ये-जा, पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचाच ८० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आणि ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. डिकीत १२ इंची दोन वूफर, त्यांना १ ओहमवर १५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद) देणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प, दारातल्या स्पीकरसाठी ४ × ८० वॅटचा फोर-चॅनल, आणि रेडिमेड किटमधली '४ गेज' वायर. मोकळ्या रस्त्यावर दणदणीत वाजतं. सिग्नलला बेस पडला की हेडलाइट मिणमिणतात, ब्लोअरचा आवाज बसतो, आणि पावसात दोनदा ॲम्प प्रोटेक्टमध्ये गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडला. दुकानदार म्हणतो २ फॅरडचा कपॅसिटर लावा, मित्र म्हणतो डिकीत दुसरी बॅटरी टाका. यातलं काय करायचं?

सुरुवातीला दोन्ही नको. आधी हिशोब करू, मग मोजमाप, आणि मगच खरेदी.

मुंबईत हा हिशोब हायवेच्या वेगावर करून उपयोग नाही. तो करायचा जुलैतल्या संध्याकाळी सात वाजता, अंधेरीच्या आसपास गाडी न्यूट्रलला उभी असताना: एसी चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू, पाय ब्रेकवर, बॉनेटखाली सगळं तापलेलं. तुमच्या अल्टरनेटरवर छापलेले ८० अँपिअर हे अल्टरनेटर स्वतः मिनिटाला सुमारे ६००० फेरे घेत असतानाचे आणि तो फारसा तापलेला नसतानाचे असतात. इंजिन आणि अल्टरनेटरच्या पुलीचं प्रमाण साधारण २.५ ते ३ पट असतं. म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर २०००-२४०० वर फिरतो. तिथे, आणि गरम झाल्यावर, तो छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. तुमच्यासाठी ४०-४५ अँपिअर धरा.

आता गाडीचा स्वतःचा घरखर्च. ब्लोअर पूर्ण वेगावर १५ अँपिअरच्या आसपास, रेडिएटर-कंडेन्सरचा पंखा १० ते १५, हॅलोजन हेडलाइटची जोडी ५५ वॅटप्रमाणे ८-९, एसी कॉम्प्रेसरचा क्लच ३-४, ब्रेकचे दोन दिवे ३, वायपर ३-५, इंधनपंप, इग्निशन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मिळून १० च्या आसपास. पंखा आणि ब्लोअर एकाच वेळी जोरात नसले तरी ५० च्या घरात बेरीज जाते. ऑडिओ पूर्ण बंद असतानाच त्या सिग्नलला तुमची गाडी बॅटरीतून थोडं थोडं खात असते. त्यात पार्किंग करताना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग काही क्षण ३०-४० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतं. व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो आणि चाक जड होतं. दिवे मिणमिणणं लोक हसण्यावारी नेतात, पण ही स्टिअरिंगची गोष्ट तशी नाही.

ऑडिओचं गणित सोपं आहे. आरएमएस वॅट भागिले कार्यक्षमता भागिले व्होल्टेज. क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचा) मोनोब्लॉक १ ओहमवर ७५-८० टक्के कार्यक्षम असतो: १५०० ÷ ०.८ ÷ १३.५ म्हणजे १३९ अँपिअर. फोर-चॅनल क्लास-एबी असेल तर ५५ टक्के धरा: ३२० ÷ ०.५५ ÷ १३.५ म्हणजे ४३. दोन्ही मिळून शिखराला १८२ अँपिअर. गाणं म्हणजे सलग टोन नव्हे, त्यामुळे बेस भरपूर असलेल्या गाण्यात सरासरी ओढ शिखराच्या एक तृतीयांश धरतात, म्हणजे सुमारे ६०. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग किंवा सलग सब-बेस असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत असेल तर ती निम्म्यापर्यंतही जाते. शिवाय पेटीत बसवलेल्या वूफरचा खरा रोध वाजताना १ ओहमपेक्षा वर जातो, त्यामुळे प्रत्यक्ष करंट कागदापेक्षा थोडा कमी असतो. ही सवलत हिशोबात धरू नका, ती खिशात राहू द्या.

म्हणजे गरज ५० + ६० = ११० अँपिअर, आणि सिग्नलला आवक ४५. तूट ६५ अँपिअरची. गाडी २००० आरपीएमवर पळू लागली की आवक ७० च्या आसपास जाते. तूट तेव्हाही ४० ची उरतेच, फक्त जाणवत नाही. ३५ एएच हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी होणाऱ्या बॅटरीचा असतो. ६५ अँपिअरच्या ओढीला आणि सेल्फ मारायला पुरेसा जीव शिल्लक ठेवून ती पंधरा मिनिटंही नीट तग धरणार नाही. कांदिवली ते लोअर परळ किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

(ॲम्पच्या खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या फ्यूजांची बेरीज करा. '४००० वॅट' लिहिलेल्या ॲम्पवर ४० चे दोनच फ्यूज असतील तर ८० × १३.५ × ०.८, म्हणजे साधारण ८६० वॅट. त्याहून जास्त तो सलग देऊच शकत नाही. आकडा कुठल्या अटींवर मोजला तेही बघा. सीटीए-२००६ या मानकात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत डिस्टॉर्शन अशा अटी आहेत.)

आता कपॅसिटर. सोसायटीच्या पाण्यासारखं बघा. अल्टरनेटर म्हणजे पालिकेची लाइन, बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, कपॅसिटर म्हणजे न्हाणीघरातला तांब्या. २ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना ६३ ज्यूल ऊर्जा देतो. तुमचा मोनोब्लॉक पूर्ण ताकदीत १८७५ वॅट ओढतो. ६३ भागिले १८७५ म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. ४० हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तांब्या दीड आवर्तनातच रिकामा. वर तो पुन्हा भरायचा कोणी? त्याच अल्टरनेटरने. एकाच किकला दिवे किंचित लुकलुकत असतील तर तो थोडं झाकून टाकेल, इतकंच.

दुसरी बॅटरी ही टाकी मोठी करणं आहे. टाकी मोठी केल्याने लाइनची धार वाढत नाही, उलट ती भरायला जास्त वेळ लागतो. तिचा उपयोग आहे, पण तो नंतर.

मग मोजमाप. यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, किमान-कमाल नोंदवणारा असेल तर उत्तम. करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात, गाडीत त्यांचा उपयोग शून्य. घेताना निवडचकतीवर करंटच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ आहे का ते पाहा.

पहिलं वाचन रात्रभर उभ्या गाडीचं: बॅटरीच्या खांबांवर १२.६ ते १२.७ हवं. १२.४ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. दुसरं, इंजिन गरम, न्यूट्रल, ऑडिओ बंद, एसी-दिवे-वायपर चालू: १३.५ च्या वर टिकायला हवं. रेग्युलेटर तापला की व्होल्टेज मुद्दाम थोडं उतरवतो, त्यामुळे गरम इंजिनवर १३.६-१३.७ दिसलं तर लगेच 'अल्टरनेटर गेला' म्हणू नका. तिसरं, याच अवस्थेत ५० हर्ट्झचा टोन, तुम्ही नेहमी ऐकता त्या आवाजावर, जास्तीत जास्त दहा सेकंद. त्याहून लांबवलंत तर व्हॉइस कॉइल भाजेल. यावेळी एकदा बॅटरीवर आणि एकदा ॲम्पच्या स्क्रूंवर व्होल्टेज बघा.

बॅटरीवर १३.२ आणि ॲम्पवर ११.९ असेल तर दोष वायरिंगचा. बॅटरीवरच १२.१ असेल तर दोष पुरवठ्याचा. तुमच्या वर्णनावरून दोन्ही निघतील, पण वायरिंगचा भाग आधी आणि स्वस्तात सुटतो.

तो शोधायची पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोबला लांब वायर जोडा आणि तो बॅटरीच्या धन खांबाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे. काळा प्रोब ॲम्पच्या धन स्क्रूवर. टोन वाजवा. मीटरवर जे येईल ते त्या वाटेत गहाळ झालेलं व्होल्टेज. मग तसंच ऋण खांब ते ॲम्पचा ग्राउंड स्क्रू. दोन्ही मिळून अर्धा व्होल्ट ही मर्यादा. जास्त असेल तर वाटेचे तुकडे पाडून मोजा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते फ्यूजचं तोंड, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) ते बॉडी. नुसत्या फ्यूज होल्डरमध्ये ०.३ व्होल्ट जात असेल तर १४० अँपिअरला तिथे ४२ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एखादं चांगलं सोल्डरिंग आयर्न त्या प्लास्टिकच्या डबीत ठेवल्यासारखं. डबी वितळलेली दिसते ती यामुळे. फ्यूज उडत नाही, कारण करंट जास्त नसतोच. सांधा वाईट असतो.

तुमची किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, बाजारात जिला सीसीए म्हणतात ती असणार. ओळखायची तर एक धागा काढा आणि ब्लेडने खरवडा. आतून लालसर निघाला तर तांबं. पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. बाहेरून चंदेरी पण आतून लाल असेल तर कल्हई केलेलं तांबं, ते समुद्राकाठी सगळ्यात बरं. वजनानेही कळतं: ५० स्क्वेअर एमएमच्या नुसत्या तांब्याचं वजन मीटरला साधारण ४५० ग्रॅम भरतं, सीसीएचं त्याच्या निम्म्याहून कमी. सीसीए तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच वीज वाहते, आणि मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत कापलेल्या टोकाशी लवकर कुजते. एक पांढरी भुकटी दिसायला लागते आणि रोध वाढत जातो.

आकड्यांत सांगायचं तर बॅटरी ते डिकी ५ मीटर आणि करंट १४० अँपिअर. खरी ४ गेज तांब्याची वायर असेल तर ०.५७ व्होल्ट जातात. त्याच जाडीची सीसीए असेल तर ०.९. १/० गेज तांब्याची असेल तर ०.२३. हे फक्त जाण्याच्या वाटेचं, परतीची वाट वेगळी. वायर गेजच्या नावाने घेऊ नका, जाड रबर चढवून बारीक वायर मोठी दाखवणं सोपं आहे. स्क्वेअर एमएमने घ्या: ४ गेज म्हणजे २१, १/० गेज म्हणजे ५३.५. लोहार चाळीत तांब्याची वेल्डिंग केबल २५, ३५, ५०, ७० स्क्वेअर एमएममध्ये मीटरवर मिळते. तिच्यावर आयएस ९८५७ आणि एचओएफआर, म्हणजे उष्णता-तेल सोसणारं, आग न धरणारं आवरण, असं छापलेलं बघून घ्या. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, तेव्हा 'कॉपर' असं स्पष्ट विचारा आणि टोक खरवडूनच पैसे द्या. तुमच्यासाठी मुख्य वायर ५० स्क्वेअर एमएमची, मोनोब्लॉकला जाणारा तुकडा ३५ चा, फोर-चॅनलला १६ चा.

लग कल्हई केलेल्या तांब्याचे, वायरच्याच मापाचे, आणि हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले. हातोडीने चेपलेला लग ओढून बघितला तर निघत नाही म्हणून लोक खूश होतात, पण आत धाग्यांमध्ये पोकळी राहते आणि एका पावसाळ्यात ती हिरवी पडते. नुसतं शिसं ओतणंही नको, सांध्यापाशी वायर ताठ होते आणि कंपनाने तिथेच तुटते. दाबा, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवा, झालं.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फायरवॉलच्या पत्र्याला वायर घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गालिचा पेटतो. ५० स्क्वेअर एमएमला २५० अँपिअरचा एएनएल (जाड वायरचा पट्टी-फ्यूज), मागे वाटप करणाऱ्या ब्लॉकमध्ये मोनोब्लॉकला १५० आणि फोर-चॅनलला ६०. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकायचा नसतो. वायर फायरवॉलमधून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि वायरला ग्रोमेटच्या आधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकेल, आत शिरणार नाही. पूर्ण वायरवर नायलॉनची फ्लेक्सिबल पाइप चढवा. उघड्यावर पार्क केलेल्या गाडीत उंदीर येतात आणि ते वायरची जाडी बघून कुरतडत नाहीत. एका बाजूच्या सिलखालून पॉवर, दुसऱ्या बाजूने आरसीए, म्हणजे ॲम्पला गाण्याचा सिग्नल देणारी वायर. पिवळ्या आवरणातल्या वायर एअरबॅगच्या असतात, त्यांना हात नाही.

अर्थ, म्हणजे ग्राउंड, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोक मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला लग लावतात. तो बोल्ट सुरक्षेचा असतो, ठरावीक ताकदीने आवळलेला, आणि खाली रंग-सीलंट असतं, त्यामुळे संपर्कही वाईट. मागच्या सस्पेन्शनच्या बुरुजाजवळचा जाड पत्रा किंवा चेसिसचा सलग भाग निवडा. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पलीकडे काय आहे ते बघा. बहुतेक हॅचबॅकमध्ये इंधनाची टाकी मागच्या सीटखालीच असते आणि ब्रेकच्या नळ्याही तिथूनच जातात. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, एम-८ बोल्ट, दातेरी वॉशर, खालून नट. आवळून झाल्यावर वरून आणि खालून झिंक प्रायमर मारा. आधी मारू नका. संपर्क धातूला धातूचा हवा आणि ओल बाहेर राहायला हवी. दोन्ही ॲम्पचा ग्राउंड एकाच जागी घ्या, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येईल.

पुढच्या बाजूला, बॉनेटखाली, तीन जुन्या वायरींना जोड द्यायचा: अल्टरनेटरच्या बी-प्लसपासून (वीज बाहेर देणाऱ्या खांबापासून) बॅटरीच्या धनाला, इंजिनपासून बॉडीला, बॅटरीच्या ऋणापासून बॉडीला. कंपनीच्या वायर कापायच्या किंवा काढायच्या नाहीत, शेजारी ३५ स्क्वेअर एमएमची नवी समांतर टाकायची. अल्टरनेटरच्या वायरला बॅटरीच्या टोकाशी १५० अँपिअरचा फ्यूज लावा. हा बरेच जण विसरतात आणि कंपनीने दिलेली फ्यूजिबल लिंक (जादा करंटला वितळून तुटणारा जोड) फुकट जाते. नव्या गाड्यांत ऋण खांबावरच एक छोटी काळी डबी असते, ती बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजते. नवी ग्राउंड वायर थेट खांबावर लावलीत तर ईसीयूला तुमच्या ॲम्पचा करंट दिसतच नाही, तो अल्टरनेटरला कमी काम सांगतो आणि बॅटरी हळूहळू बसते. म्हणून अशा गाडीत वायर डबीच्या बॉडीकडच्या बाजूला लावायची. बॅटरीचे खांब बारीक आणि क्लॅम्प सैल असेल तर पत्र्याची पट्टी कोंबू नका, योग्य मापाचा क्लॅम्प घ्या.

इतकं केल्यावर पुन्हा तीच तीन वाचनं घ्या. ॲम्पवरचं व्होल्टेज ०.६ ते ०.८ ने वर आलेलं दिसेल. १४.४ व्होल्टला १५०० वॅट देणारा आणि व्होल्टेज न सांभाळणारा ॲम्प १२.२ वर साधारण १०८० च देतो. म्हणजे नवा ॲम्प न घेता बरेच वॅट वायरिंगमधून परत मिळतात. पडलेल्या व्होल्टेजवर गेन (येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते) चढवणं मात्र वूफरच्या मुळावर येतं: ॲम्प लवकर क्लिप होतो, लाटेचे शेंडे कापले जातात आणि कॉइलमध्ये सरासरी ताकद वाढून ती जळते. सबसोनिक फिल्टर (अगदी खालचे आवाज अडवणारा) पोर्टेड, म्हणजे हवेला वाट ठेवलेल्या, पेटीच्या ट्यूनिंगच्या किंचित खाली लावा, ३५ हर्ट्झची पेटी असेल तर २८-३० ला. त्याखालचे आवाज फारसे ऐकूही येत नाहीत, करंट मात्र खातात.

आता ६५ अँपिअरची ती तूट. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला, गरज कमी करणं. हा सांगितला की लोकांचा चेहरा पडतो. पण १५०० चे ७५० वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. ऐकणाऱ्याला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. तुमचे दोन वूफर १ ओहमवर जोडलेले आहेत म्हणजे ते बहुधा ४ ओहमच्या दुहेरी कॉइलचे, चारही कॉइल समांतर. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकामागे एक आणि मग दोन्ही वूफर समांतर केले की ४ ओहम होतात. ॲम्प तिथे साधारण तिसरा हिस्सा वॅट देईल, कार्यक्षमता सुधारेल, शिखराचा करंट ४५ च्या आसपास येईल. ५ डेसिबल गेले, त्यातले ३ नीट ट्यून केलेली पोर्टेड पेटी परत देऊ शकते. रोज सिग्नलला अडकणाऱ्या गाडीसाठी हा सौदा वाईट नाही.

दुसरा, आवक वाढवणं, म्हणजे अल्टरनेटर. आधी बघा की तुमच्याच गाडीच्या दुसऱ्या इंजिन-प्रकारात मोठा अल्टरनेटर येतो का. येत असेल तर बसवायच्या कानांची जागा, पुलीवरच्या खाचा आणि मागचा प्लग तिन्ही जुळायला हवेत. प्लगमध्ये नुसत्या दिव्याची वायर आहे की ईसीयू त्याच्याशी बोलतो हे सगळ्यात महत्त्वाचं. बोलणारा अल्टरनेटर काढून न बोलणारा लावला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा कायम राहील.

नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वाइंडिंग बदलून मिळतं. इथे एक खाच आहे. जाड तार आणि कमी वेढे घातले की वरच्या वेगाला करंट वाढतो, पण चार्जिंग सुरू होण्याचा वेगही वाढतो. म्हणजे बिलावर '१४० अँपिअर' येतं आणि न्यूट्रलला पूर्वीपेक्षाही कमी मिळतं. महामार्गावर फिरणाऱ्याला ते चालेल, तुम्हाला नाही. विचारायचा प्रश्न एकच: 'गरम असताना, अल्टरनेटर २२०० फेऱ्यांवर, किती अँपिअर?' बेंचवर पंधरा-वीस मिनिटं लोडखाली फिरवून दाखवा म्हणायचं. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडे देऊ नका. डायोडची प्लेट आणि रेग्युलेटर नव्या करंटच्या मापाचे आहेत का तेही विचारा, नाहीतर वाइंडिंग टिकतं आणि डायोड जातात.

लहान पुली हा स्वस्त उपाय सांगितला जातो. ५५ मिलिमीटरची ५० केली तर अल्टरनेटर १० टक्के जास्त फिरतो. पण २.७ च्या प्रमाणाला इंजिन ६००० वर गेलं की तो आधीच १६,२०० वर असतो; १० टक्क्यांनी १७,८०० होतो आणि बहुतेक अल्टरनेटरची मर्यादा १८,००० च्या आसपास असते. शिवाय बेल्टला धरायला कमी जागा मिळते. २०० अँपिअर १४.४ व्होल्टला द्यायचे तर अल्टरनेटर इंजिनकडून जवळपास साडेसहा अश्वशक्ती मागतो. पावसात ओला बेल्ट आणि लहान पुली म्हणजे किंचाळणं आणि घसरणं. काही गाड्यांत पुलीच्या आत एका दिशेला सुटणारी यंत्रणा असते, तिथे घन पुली बसवू नका. ज्या गाड्यांत अल्टरनेटरच सेल्फचं काम करतो, म्हणजे सौम्य हायब्रिड, त्यात यातलं काहीच करू नका, पहिल्या रस्त्याने जा.

अल्टरनेटरचं ठरल्यावर बॅटरी. बॉनेटखालची ३५ एएच काढून तिथे बसेल तेवढी मोठी घ्या. ट्रेचं माप, खांबांची बाजू आणि वर बॉनेटला लागते का ते बघून. मागे दुसरी टाकायची तर सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी). तिला चार्जिंगला १४.४ ते १४.७ लागतात. पुढे जुनी पाण्याची आणि मागे नवी एजीएम कायम जोडून ठेवली तर इंजिन बंद झाल्यावर मागची पुढचीला भरत बसते. मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले टाका, १३.३ च्या आसपास जोडणारा आणि १२.८ ला सोडणारा, सलग २०० अँपिअर झेपणारा. मागच्या बॅटरीपाशीही वेगळा फ्यूज हवा, कारण आता वायरच्या दोन्ही टोकांना स्रोत आहे. लिथियमबद्दल विचाराल तर लिथियम आयर्न फॉस्फेट चार सेलची गाडीच्या व्होल्टेजशी जुळते, पण बॉनेटखाली ठेवायची नाही आणि बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) खऱ्या करंटचं हवं. तिचा आतला रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून जमेल तेवढं ओढते. कंपनीचा छोटा अल्टरनेटर पूर्ण भारावर अर्धा तास चालला की वाइंडिंग करपतं. लिथियम घ्यायची तर अल्टरनेटर आधी.

मुंबईत निम्म्या वेळा पुढचा प्रश्न सीएनजीचा असतो. सिलिंडर डिकीत असेल तर त्याच्या पट्ट्यांना किंवा फ्रेमला ग्राउंड घ्यायचा नाही, आसपास भोक पाडायचं नाही, पाण्याची बॅटरी तिथे ठेवायची नाही (चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते), आणि ठिणगी पाडणारा उघडा रिले किंवा उघडा फ्यूज ब्लॉक त्या कप्प्यात नको. वॉल्व्हपर्यंत हात पोचायला हवा. बहुतेकदा ॲम्प सीटच्या पाठीवर लाकडी फळीवर आणि बॅटरी फक्त पुढे, हाच निकाल निघतो.

स्टेपनीच्या खळग्यात बॅटरी बसवायची हौस असेल तर आधी एक पावसाळा तो खळगा कोरडा राहतो का बघा. टेललाइटच्या गॅस्केटमधून तिथे पाणी उतरतं.

तुमच्या गाडीसाठी क्रम: ५० स्क्वेअर एमएमची वायर, ग्राउंड आणि बॉनेटखालच्या तीन जोडण्या हे एका दिवसाचं काम. मग पुन्हा मोजा. गरम न्यूट्रलला, एसी-दिवे-वायपर चालू, नेहमीच्या आवाजावर ॲम्पपाशी १२.८ च्या वर टिकत असेल तर थांबा आणि गेन तिथेच ठेवा. त्याखाली जात असेल तर ४ ओहम की अल्टरनेटर, यातलं एक निवडा. मधल्या काळात ईक्यूमधून ४५ हर्ट्झखालचा बेस ३ डेसिबल उतरवून वापरा, ॲम्प प्रोटेक्टमध्ये जाणं बरंचसं तेवढ्यानेच थांबेल. काम झाल्यावरची वाचनं (खांबावर, ॲम्पवर, धन वाटेतली घट, ऋण वाटेतली घट) मास्किंग टेपवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, आणि पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये तीच चार पुन्हा घ्या. ऋण वाटेतली घट ०.१ ने जरी वाढली असेल तर बोल्ट उघडून पत्रा परत घासायचा.